माघातला तान्हा पोळा

सिनेमावाले आपल्या गल्लीत येणार हे ऐकून हिंगणघाटातली दुसरी कोणती बाई असती तर आधी केस रंगवून आली असती. यशोदाबाईनं आधी विचारलं, "काऊन? ताजमहाल पडला का?"

तिचंही काही चुकलं नव्हतं. गल्लीत पाहण्यासारखं होतं काय? या तोंडाला यशोदाबाईची पिठाची चक्की, त्या तोंडाला नळ, मधे एकमेकांच्या अंगावर आल्यासारखी घरं, आणि वर बघावं तर केबलच्या इतक्या तारा की कावळ्यानंही वाट विचारत जावं. लग्न होऊन ती इथं आली त्याला सेहेचाळीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत फोटो काढावा असं गल्लीत एकदाच घडलं होतं. एक पुढारी मतं मागायला आला आणि हात जोडल्याजोडल्या नालीत पडला. तेव्हा नेमका कोणाजवळ मोबाइल नव्हता.

"आजी, त्यायले अशीच गल्ली पाह्यजे होती," नात दामिनी म्हणाली. "साधी. गोष्टच साधी हाय न."

"काय हाय गोष्ट?"

"एक पोट्टा हाय नववीतला. मिसरूड फुटून राह्यलं, आवाज फाटून राह्यला. त्याले वाटते आपण मोठे झालो. घरचे म्हणते, तू अजून लहान हायस. तान्ह्या पोळ्याले त्याच्या हातात नंदीची दोरी देते अन् म्हणते, जाय, बोजारा माग. अन् समोरच्या छतावर नेमकी त्याची आवडती पोट्टी उभी. मंग सारी फजिती. हसायचा सिनेमा हाय."

"म्हणजे आपल्या हेमराजचीच गोष्ट," यशोदाबाई म्हणाली.

तिचा चव्वेचाळीस वर्षांचा पोरगा, दामिनीचा बाप हेमराज, चक्कीत ज्वारी ओतत होता. त्यानं मान इतकी खाली घातली की टोपी पिठात पडली.

तान्हा पोळा इकडचाच. पोळ्याला मोठे बैल मिरवतात, दुसऱ्या दिवशी पोराटोरांचे लाकडी. चाकं लावलेला नंदी दोरीनं ओढत पोरं दारोदार जातात, घरची बाई बाहेर येऊन नंदीचे पाय धुते, कुंकू लावते, पोराच्या हातावर खाऊ नाहीतर नाणं ठेवते. तोच बोजारा. सण श्रावण सरल्यावरचा. पण सिनेमावाल्यांना कॅलेंडर कोण दाखवणार? त्यांनी तो माघात करायचा ठरवला होता.

दामिनीला हे काम कसं मिळालं ते यशोदाबाईला नीटसं कळलं नव्हतं. पोरगी बीकॉम झाली, दोन वर्षं परीक्षांचे फॉर्म भरत बसली, आणि एक दिवस म्हणाली, मले नोकरी लागली, सिनेमासाठी जागा पाहायची. महिनाभर स्कुटी घेऊन ती जिल्हाभर हिंडली. शाळा सेलूकडची ठरवली, पळायचा रस्ता हिंगणीच्या जंगलातला, कापसाचे डोंगर इथल्याच जिनिंगमधले. दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येक बाईला यशोदाबाई सांगायची, "हिंडायचे पैसे भेटते आमच्या पोट्टीले. मी हिंडली असती तं सासूनं तंगडी तोडून हातात देली असती." बोलणं तक्रारीचं, पण छाती अशी पुढं की पदर सरळ राहीना.

मग एका सकाळी डायरेक्टर आला. स्वप्निल नाव, पुण्याचा, बारीक अंगाचा, दाढी एवढी की चेहरा राहतो कुठं असा प्रश्न पडावा. गच्चीवर गेला, चारी बाजूंना फिरला, आणि समोरच्या गच्चीकडं बघत थांबला. दोन्ही घरांचे वरचे मजले गल्लीवर पुढं आलेले, त्यामुळं दोन गच्च्यांच्या मधे दीड हाताचंच अंतर. "हेच," तो म्हणाला. "मुलगा इकडं, मुलगी तिकडं. पोळ्याच्या गोंधळात तो उडी मारतो. यासाठीच तर आपण इतकं फिरलो."

चहाचा ट्रे घेऊन यशोदाबाई जिन्यात उभी होती. तिनं विचारलं, "पोट्टा राहते आमच्याच घरी न?"

"हो आजी. दार तुमचं, ओटा तुमचा, गच्ची तुमची. आतली खोली मात्र वर्ध्याच्या एका घरातली. न्हाणीघर तिसरीकडचं. दारातून बाहेर पडून तो वळला की केळझरच्या देवळाच्या पायऱ्यांवर येतो."

"आमच्या दारातून वळलं की केळझर?" यशोदाबाईनं ट्रे खाली ठेवला. "बस लागते तिथं जायले. अन् माह्या मोरीत काय खोट हाय? परवाच फरशी घासली."

"सिनेमात तसंच असतं, आजी. दहा गावं जोडून एक गाव करायचं."

"अन् लोकायले कळत नाई?"

"नाही कळत."

"मंग लोकच तसे हायेत," ती म्हणाली. मोरीचा अपमान तिला बरेच दिवस पचणार नव्हता.

त्याच वेळी स्वप्निलनं समोर बोट केलं. "ती गच्ची मिळेल ना?"

आणि दामिनी बोलून गेली, "मिळेल की सर. समोरची आजी घरचीच आहे."

यशोदाबाईनं ट्रे उचलला आणि चहा न देताच खाली गेली.

समोरची आजी म्हणजे रामबाई. दोघी एकाच वर्षी या गल्लीत सुना म्हणून आल्या. घरं वेगळी, पण भाजी एकीच्या चुलीवरची दुसरीच्या ताटात. त्या दीड हाताच्या फटीवरून काय नाही गेलं? वरणाच्या वाट्या गेल्या, कुरड्यांचे कागद गेले, एकदा रामबाईची रांगती रूपाच गेली, कारण इकडून यशोदाबाईनं हात पुढं केले होते. रूपा अर्धी इकडंच वाढली. रामबाई तिच्यावर ओरडली की ती फट ओलांडून यायची आणि यशोदाबाईच्या मागं दडायची.

त्याच रूपाचं लग्न ठरलं, अकरा वर्षांपूर्वी. रीत अशी की घरची मोठी बाई कुंकवाचा करंडा घेऊन स्वतः दारात येते, कुंकू लावते, हातावर अक्षत देते आणि म्हणते, लग्नाला या. यशोदाबाई आठ दिवस रोज दुपारी नवं लुगडं नेसून बसली. रामबाई काही आली नाही. नवव्या दिवशी हेमराजच्या मोबाइलवर पत्रिका आली. गणपतीचं चित्र, खाली गाणं वाजत होतं.

"दीड हातावर राहते," यशोदाबाई म्हणाली, "अन् मले मोबाइलवर अक्षत?"

ती लग्नाला गेली नाही. रामबाईचं म्हणणं असं की अक्षत परक्याला देतात. यशोदेनं तर मांडवात पहिल्या दिवसापासून पापड लाटत बसायला हवं होतं. तिला कुठलं आलं बोलावणं? दोघी आपापल्या जागी बरोबर होत्या, आणि म्हणूनच भांडण मिटत नव्हतं. चूक एकीची असती तर आठ दिवसांत मिटलं असतं. वर यशोदाबाईनं नळावर, साऱ्या बायांच्या देखत सांगून टाकलं, "रामीच्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवला तं नावाची यशोदा नाई." झालं. तेव्हापासून गच्चीवर एकीचे कपडे वाळत असले की दुसरी वर यायची नाही.

दामिनी तेव्हा बारा वर्षांची होती. तिच्या लेखी समोरची आजी घरचीच राहिली. ती रूपाताईच्या माहेरपणाला जायची, रामबाईच्या हातचे लाडू खायची आणि तोंड पुसून घरी यायची. तिला वाटलं, गच्चीच तर मागायची, रामआजी नाही कशाला म्हणते?

रामबाई नाही म्हणाली नाही. तिनं दामिनीला लाडू दिला, परवानगीचा कागद बाजूला सरकवला आणि म्हणाली, "तुह्यावर माहा राग नाई, बाई. पण छत घराचं असते, अन् घर मोठ्यायचं. तुह्या आजीले म्हणावं, येऊन माग."

दामिनी घरी येऊन हे सांगत होती तेव्हा तिचा आवाज बारीक झाला होता. "सरांनी उद्या दुपारपर्यंत वेळ देला, आजी. कागदावर सही नाई भेटली तं गल्लीचं सारं शूटिंग नागपूरले नेते. तिथं त्यायचा दुसरा मानूस हाय, त्यानं दोन छतं पाहून ठेवली. मंग माहं काम इथंच संपलं."

"तू म्हटलंच काऊन, घरचीच हाय म्हणून?"

"हाय तं घरचीच!" दामिनी एकदम चिडली. "तुमच्या दोघींच्या भांडणात माह्या पहिल्या नोकरीचं काऊन वाटोळं?"

पोरगी ओल्या हरभऱ्याचे घाटे सोलत बसली. दाणे वाटीत टाकायचे ते टरफलांत टाकू लागली आणि टरफलं वाटीत. यशोदाबाईनं ते पाहिलं, वाटी ओढून घेतली आणि निवडत बसली. जाऊन मागायला काय, पाच पावलं. पण शपथ? नळावर घेतलेली शपथ म्हणजे साऱ्या गल्लीनं पाणी भरता भरता ऐकलेली. उद्या तीच गल्ली म्हणेल, यशोदेचा शब्द चाळणीतल्या पाण्याइतकाही टिकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगीत तालीम होती. यशोदाबाईच्या ओट्यावर सिनेमाच्या सामानवाल्यानं लाकडी नंदी मांडले, लहानमोठे पंधरा. शिंगांना बेगड, पाठीवर झुली. सर्वांत मोठा नंदी वासराएवढा होता. यशोदाबाईनं त्याच्याभोवती एक फेरी मारली. "हा बैल हाय का बोकड? वशिंड कोठी हाय याचं?"

सामानवाल्यानं घाबरून स्वप्निलकडं पाहिलं. स्वप्निल म्हणाला, "कॅमेऱ्यात दिसणार नाही, आजी."

"तुमच्या कॅमेऱ्यात मोरी दिसत नाई, केळझरची वाट दिसत नाई, वशिंड दिसत नाई. दिसते तरी काय?"

मग गल्लीतली पोरं नंदी घेऊन निघाली. फक्त चालायचं होतं, कुठून कुठं ते बघायला. पण झालं भलतंच. पहिला नंदी पहिल्या दारासमोरून गेला आणि त्या घरची सून पाण्याचा लोटा घेऊन धावत बाहेर आली. तिचं बघून दुसरी आली. तिसरीनं घाईत कुंकू सापडेना म्हणून हळदच लावली. अर्ध्या मिनिटात सारी गल्ली ओट्यांवर, कोणाच्या हातात आरतीचं ताट, कोणाच्या हातात चिवड्याची पुडी, आणि पोरं सिनेमा विसरून बोजारा गोळा करत सुटली. नव्या बेगडावरून पाणी ओघळत होतं.

"अहो, नाही, नाही!" स्वप्निल हात हलवत पळत आला. "आत्ता नको! ही नुसती रिहर्सल आहे!"

समोरचं दार उघडून रामबाई बाहेर आली होती. गुडघे धरत, ओट्याची कड धरत ती खाली वाकली आणि एका छोट्याशा नंदीच्या चाकांवर तिनं पाणी घातलं. मग वर बघून म्हणाली, "रिहर्सल तुमची असंन, बाबू. नंदी खरा हाय. दारात आलेला नंदी आमच्याकडं रिकाम्या हातानं जात नाई. कोणाचाही असो."

यशोदाबाई ओट्यावरून हे बघत होती. कोणाचाही असो, असं रामी म्हणाली. बोजारा मागणारा कधी उंबऱ्याच्या आत जात नाही, घरच्या बाईलाच बाहेर यावं लागतं.

अकरा वर्षं डोक्यात बसलेला पाटा एकदम बाजूला सरकला.

तिनं पदर खोचला. वासराएवढ्या नंदीची दोरी हातात घेतली आणि त्याला ओट्यावरून खाली ओढलं. धाडकन आवाज झाला.

"आजी, प्रॉपर्टी आहे ती!" सामानवाला ओरडला.

"मालूम हाय. वापस देईन."

"आजी, काय करून राह्यली?" दामिनी धावली. यशोदाबाईनं नुसते डोळे वटारले. चाकं करकरत होती. एक चाक गल्लीतल्या खड्ड्यात अडकलं, तेव्हा हेमराज चक्कीतून पिठासकट बाहेर आला आणि त्यानं मागून ढकललं. अडुसष्ट वर्षांची बाई नंदी ओढत पाच पावलं चालली आणि रामबाईच्या उंबऱ्यापासून बरोबर वीतभर अलीकडं थांबली. रामबाई तेव्हा वळून आत निघाली होती. चाकांचा आवाज ऐकून ती पाठमोरीच थबकली.

पोळ्याच्या तोरणाखाली झडत्या, म्हणजे एकमेकांना टोमणे मारणारी यमकं, म्हणायच्या त्या पुरुषांनी. पण यशोदाबाईचा बाप तानबा हिंगणीचा, आणि झडतीत त्याला हरवेल असा गडी पंचक्रोशीत नव्हता. लेकीनं ते सारं ऐकलं होतं. तिनं घसा खाकरला आणि सुरू केलं:

"आडावरली घागर, घागरीवर झाकण,
दाराआड रामबाई करे रुसव्याची राखण!
नंदी उभा दारात, त्याले लागली भूक,
बाहेर ये वं सखे, झाली असंन चूक!
हर बोला, हर हर महादेव!"

"हर हर महादेव!" सारी गल्ली ओरडली. पोरांना वाटलं सिनेमा सुरू झाला.

रामबाई वळली. तिनं आधी नंदीकडं पाहिलं, मग दोरीकडं, मग दोरी धरणाऱ्या हाताकडं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "कोणाची चूक?" तिनं विचारलं.

"झडतीत नाव नसते."

रामबाई आत गेली. दार तिच्यामागं लोटलं गेलं. दामिनीनं डोळे मिटले. यशोदाबाईचा हात दोरीवर घट्ट झाला, पण ती हलली नाही. आता पुढं गेली तर शपथ गेली, आणि मागं फिरली तर पोरीची नोकरी.

तेवढ्यात आतून डब्याचं झाकण पडल्याचा आवाज आला, आणि पोराला विचारणारा रामबाईचा आवाज, "कुंदन, अरे आरतीचं ताट कोठी ठेवलं तुह्या बायकोनं?" मग दार उघडलं. ती ताट घेऊन बाहेर आली. नंदीच्या चारी चाकांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं, ओवाळलं. सारं रीतसर. आणि मग कमरेवर हात ठेवून तिनं आपली झडती सोडली. ती तेव्हाच सुचली असेल असं गल्लीत कोणालाही वाटलं नाही; अकरा वर्षं मुरलेली होती ती.

"मोबाइलची अक्षत हिले लागली लय तिखट,
लेकीच्या लग्नाले नाई आली, केवढी वं हेकट!
पंगतीत हिच्या पाटावर येऊन बसली मांजर,
म्या म्हटलं यशोदाच आली, वाढा हिले गाजर!
हर बोला, हर हर महादेव!"

गल्लीत असं हसू फुटलं की नळावर लावलेली बादली भरून वाहत होती तरी कोणी गेलं नाही. यशोदाबाईचे ओठ दोनदा थरथरले. तिसऱ्यांदा तिला आवरेना. "मांजर?" ती म्हणाली. "मले मांजर म्हणते?"

"खरंच बसलती मांजर," रामबाई म्हणाली. "पाट रिकामा ठेवला होता तुह्यासाठी. पंगत उठेपर्यंत कोणाले बसू देला नाई. पूस कुंदनले."

दारात उभ्या कुंदननं मान हलवली. "खरं हाय, काकू."

यशोदाबाईच्या तोंडचं हसू तिथंच राहिलं, पण डोळे मात्र वेगळ्याच कामाला लागले. "मंग येऊन बोलावलं काऊन नाई?" तिनं विचारलं. "नवं लुगडं नेसून आठ दिवस बसली होती मी. रोज. दुपारची झोप सोडून."

"मले काय मालूम! मी म्हटलं, यशोदा येईन, चूल हातात घेईन, मले म्हणीन, हट, तुले येत नाई. मी तुह्या भरोशावर आचारीच अर्धे सांगितले होते. लग्नात भाजी पुरली नाई!"

"नाई पुरली?"

"नवरदेवाच्या काकाले दोनदा वरणच वाढलं."

"बरं झालं," यशोदाबाई म्हणाली, आणि आता दोघीही हसत होत्या.

रामबाईनं डोळ्यांना पदर लावला आणि तो असा काढला जसं काही डोळ्यांत कुंकूच उडालं होतं. "बोल. बोजारा काय देऊ? केळं देऊ का चॉकलेट?"

"छत दे."

"उचलून नेशीन का?"

"तीन दिवस. पोट्टीनं शब्द देला हाय. समोरची आजी घरचीच हाय, असं म्हणून बसली."

रामबाईनं दामिनीकडं पाहिलं. "मंग खोटं काय बोलली? आण वं तो कागद."

दामिनीनं कागद पुढं केला. कुंदननं तो दोन्ही बाजूंनी धरला. रामबाई चौथीपर्यंत शिकलेली, सही करायला तिला वेळ लागतो. "राम लिहिलं, आता बाई लिही," यशोदाबाई वरून सांगत होती. "तू तं दुसरीत शाळा सोडली," रामबाई मान वर न करता म्हणाली, "तू नको शिकवू." सही झाली. दुपार व्हायला अजून तास होता.

"आता आत ये, चहा घे."

"शपथ हाय."

"अजून?"

"शपथ काय दुधासारखी नासते?"

मग रामबाईनं दोन खुर्च्या बाहेर मागवल्या आणि चहा गल्लीत झाला, नंदीच्या दोन बाजूंना.

तेव्हा कुठं लोकांचं लक्ष स्वप्निलकडं गेलं. तो डोकं धरून उभा होता. "रेकॉर्ड झालं का?" तो कॅमेऱ्यावाल्याला विचारत होता. "काहीतरी? मोबाइलवर तरी?" कॅमेऱ्यावाल्याच्या हातात चिवड्याची पुडी होती. तोही इतरांसारखा हसत उभा राहिला होता. स्वप्निल दोघींजवळ आला आणि चक्क गुडघ्यावर बसला. "आजी, एकदा. फक्त एकदा पुन्हा. अगदी तसंच. मी गोष्ट बदलतो हवी तर."

"पुन्हा?" रामबाई म्हणाली. "आता राग कोठून आणू? होता तेवढा संपला."

"अन् पोळा एकदाच होते," यशोदाबाईनं सांगितलं. "माघात एक झाला तेच लय झालं."

शूटिंग दोन दिवसांनी सुरू झालं. पोरानं मारायच्या उडीसाठी दोन गच्च्यांवर आधी एक जाडजूड फळी टाकली होती, सरावाला. फळी नीट बसली का हे सामानवाला बघेपर्यंत यशोदाबाई हेमराजचा हात धरून तिच्यावरून पलीकडं गेली होती. खालून मेघा, तिची सून, किंचाळली, "सासूबाई, शपथ!" वरून उत्तर आलं, "उंबऱ्यात कोठी ठेवला पाय? छतावर ठेवला." साऱ्या गल्लीनं यावर विचार केला आणि कोणालाही खोट काढता आली नाही.

दामिनीला उसंत नव्हती. कुठं गाडी लावायची, कोणाच्या कुत्र्याला बांधायचं, सिनेमातल्या पोरीच्या आईचा डबा कोणाच्या घरी गरम करायचा, सारं तिला विचारून. दुपारी स्वप्निलनं तिला बाजूला घेतलं आणि विचारलं, पुढच्या सिनेमासाठी चंद्रपूरकडं दोन महिने जागा बघायच्यात, येशील का? तिनं हो म्हणायच्या आधी गच्चीकडं पाहिलं. यशोदाबाईला ऐकू गेलं असण्याची शक्यता नव्हती, एवढ्या लांबून कोणाला ऐकू जात नाही. तरी वरून आवाज आला, "हो म्हण! जेवणाचं पूसजो पण, भाकर भेटते का नाई!"

दोघी म्हाताऱ्या पाण्याच्या टाकीमागं बसल्या होत्या, कॅमेऱ्यात येणार नाहीत अशा. मधे तिळाच्या लाडवांचा डबा. समोर नववीतला पोरगा गच्चीच्या कडेला उभा, पलीकडं पोरगी, साऱ्या गल्लीचा श्वास अडकलेला. आवाजवाल्यानं कानावरचं यंत्र काढलं आणि टाकीमागं डोकावून हात जोडले. "आजी, दोनच मिनिटं. अजिबात बोलायचं नाही. जमेल ना?"

रामबाईला राग आला. "अकरा वर्षं नाई बोललो आम्ही. दोन मिनिटं काय घेऊन बसला?"

"नाई तं काय," यशोदाबाई म्हणाली.

तो गेला. स्वप्निलनं हात वर केला. गल्लीतली पोरं, बाया, तारांवरचे कावळेसुद्धा गप्प झाले. पोरगा दोन पावलं मागं सरकला, आता धावणार, आता उडणार, आणि टाकीमागून कुजबुजल्यासारखा, पण पार नळापर्यंत पोचेल असा आवाज आला, "रामे, मले एक सांग. त्या काकाले वरण वाढलं तं तो काही बोलला का?"